लाल गेटवर पुन्हा पुन्हा 50 सेकंद: तलावावर शिकलेल्या स्लॅलम पॅडलरसाठी समस्या निवारण

कॅनू स्लॅलम म्हणजे पाण्यावर टांगलेल्या दोन-दोन पोलच्या मधून, म्हणजेच गेटांमधून, वेळ लावून बोट काढायची शर्यत. समस्या अशी आहे. तलावावर टांगलेली सगळी गेटं पोरं सफाईने काढतात. पोल हलत नाही, वेळही चांगली येते. तीच पोरं महेश्वरला नर्मदेच्या सहस्रधारेत, वाहत्या पाण्यात उतरली की हिरवी गेटं निघतात, पण पहिल्या लाल गेटपाशी बोट खाली घसरते. निकालाच्या कागदावर त्या रकान्यात 50. पुढच्या लाल गेटला पुन्हा 50. काठावर आल्यावर उत्तर ठरलेलं असतं: "सर, पाण्यानं ओढून नेलं ना मले!"

पाणी ओढतं हे खरं आहे. पण ते सगळ्यांनाच ओढतं, पदक घेणाऱ्यांनाही. नागपूरच्या पोरांना शिकवताना आणि त्यांचे व्हिडिओ पुन्हा पुन्हा थांबवून पाहताना माझं एक मत पक्कं झालं आहे. लाल गेट जिथे सुटलेलं दिसतं तिथे ते सुटलेलं नसतं. ते दोन-तीन बोटलांबी आधीच, एडी-लाइनवर (उलटसुलट वाहणाऱ्या दोन पाण्यांमधली रेघ, पुढे सविस्तर सांगतो) हातातून गेलेलं असतं. म्हणून गेटमध्ये काय चुकलं हे शोधत बसलात तर वर्षभर शोधत राहाल.

ज्यांच्या घरात हा खेळ नवा आहे अशा पालकांसाठी आधी थोडक्यात नियम. कोर्सवर 18 ते 25 गेटं असतात. हिरव्या-पांढऱ्या पोलचं गेट प्रवाहाबरोबर खाली जाताना काढायचं आणि लाल-पांढऱ्या पोलचं गेट खालून वर, प्रवाहाच्या उलट दिशेने. लाल गेटं बहुधा सहा असतात. पोलला बोट, पॅडल किंवा अंग लागलं की 2 सेकंद दंड. एकाच गेटचे दोन्ही पोल लागले तरी 2 च. गेट सुटलं, उलट दिशेने काढलं किंवा डोकं पूर्णपणे दोन पोलच्या मधून गेलं नाही, तर 50 सेकंद. अख्खा कोर्स शंभर सेकंदांच्या आसपास संपतो, म्हणजे एक लाल गेट सुटलं की अर्धी शर्यत दंडातच गेली. गेट कोणत्या बाजूने काढायचं हे नंबरच्या पाटीवरून कळतं. चुकीच्या बाजूने पाहिलं तर नंबरवर लाल तिरपी रेघ दिसते. नवख्या पोरांना ही रेघ पहिल्याच दिवशी दाखवा.

आता मूळ कारणाकडे. खडकामागे किंवा काठाच्या कोपऱ्यामागे जी जागा असते तिथे पाणी वळून उलट, वरच्या दिशेने वाहतं. ती एडी. लाल गेट याच एडीत किंवा तिच्या काठावर टांगतात, नाहीतर प्रवाहाच्या उलट बोट नेणं जमलंच नसतं. खाली धावणारा मुख्य प्रवाह आणि वर चढणारं एडीचं पाणी यांच्या मधली जी खळबळती रेघ दिसते ती एडी-लाइन. बोट ती रेघ ओलांडते तेव्हा काही क्षण तिचं पुढचं टोक वर जाणाऱ्या पाण्यात असतं आणि मागचं टोक खाली जाणाऱ्या पाण्यात. दोन पाणी मिळून बोटीला गर्रकन फिरवतात. हे फिरणं आपल्याला फुकटात मिळालेलं वळण आहे. ज्याला ते वापरता येतं त्याची बोट दोन स्ट्रोकमध्ये गेटच्या वर निघते. ज्याला येत नाही त्याची बोट रेघेवरच अडकून खाली सरकत राहते.

आपल्या तलावांवर ही रेघ नाहीच. अंबाझरी असो, फुटाळा असो की रामटेकजवळची खिंडसी, पाणी थांबलेलं असतं. त्यामुळे पोराला वळण पूर्णपणे स्वतःच्या हातांनी घ्यायची सवय लागते. पोल दिसला की तो वळायला सुरुवात करतो. तलावावर ते बरोबरच असतं. वाहत्या पाण्यात त्याच सवयीने तो मुख्य प्रवाहातच वळून बसतो, एडीत पोचायच्या आधी. एकदा का बोटीचं नाक प्रवाहातच वर वळलं की वेग संपला. मग कितीही जोर लावा, बोट रेघेला समांतर खाली जात राहते आणि गेट डोळ्यांसमोरून वर सरकत निघून जातं. "ओढून नेलं" म्हणतात ते हेच.

तुमचा दोष नेमका कोणता हे ओळखायला मोबाइलचा व्हिडिओ पुरतो, फक्त तो बरोबर जागेवरून घ्या. गेटच्या समोर, काठावर, उंचावर उभं राहा. पॅडलरच्या तोंडावर कॅमेरा लावू नका, पाण्यावर लावा. मग व्हिडिओ एकाच जागी थांबवा: बोटीचं नाक एडी-लाइनला लागतं तिथे. त्या एका चित्रात बोटीचा कोन, शरीराचा झोक आणि पॅडल कुठे आहे, हे सगळं सापडतं.

बोट रेघेवर पोचली तेव्हाच ती वर तोंड करून असेल, तर वळण लवकर घेतलंय. सर्वांत जास्त हाच दोष दिसतो. रेघेला साधारण 45 अंशांनी, पूर्ण वेगात छेद द्यायचा असतो. पाय आणि गुडघे रेघेच्या पलीकडे गेल्याशिवाय वळायचा स्ट्रोक मारायचा नाही, ही माझ्याकडची पक्की अट आहे. वेग नसेल तर कोन कितीही सुंदर असो, बोट एडीत शिरत नाही.

कोन बरोबर आहे, पण बोट रेघेला लागते तेव्हा गेट आधीच वर राहिलेलं आहे, तर दोष त्याच्याही मागे आहे: आधीच्या हिरव्या गेटमधून बाहेर पडतानाची दिशा. लाल गेटच्या बाजूच्या अंगाने हिरवं गेट काढलं की प्रवाह कापायला अंतरच उरत नाही. त्यामुळे लाल गेटचा विचार त्याच्या आधीच्या गेटपासून करायचा. बोटीचं नाक लाल गेटच्या प्रवाहाकडच्या पोलच्या किंचित खालून एडीत शिरायला हवं. जास्त खालून शिरलं की वर चढण्यात सेकंद जातात, जास्त वरून शिरलं की पोललाच धडक बसते.

बोट रेघेवर उलटते किंवा उलटता उलटता वाचते, तर दोष झोकाचा आहे. इथे नियम सोपा आहे: ज्या बाजूला वळायचं त्या बाजूला बोट झुकवायची. एडीत शिरताना वर वळतो तेव्हाही आणि एडीतून बाहेर प्रवाहात पडताना खाली वळतो तेव्हाही. समोरून येणारं नवं पाणी बोटीच्या ज्या कडेवर आदळणार ती कड उचललेली पाहिजे. ती पाण्यात राहिली तर पाणी तिच्यावर चढतं आणि बोट क्षणात पालथी होते. घाबरलेलं पोर नेमकं उलट करतं, वळणाच्या बाहेर झुकतं. आणि झुकायचं ते कमरेतून. खांदे पाण्यावर टाकायचे नाहीत. डोकं बोटीच्या वर राहिलं पाहिजे. व्हिडिओत डोकं बोटीच्या कडेबाहेर लोंबताना दिसलं की समजा, झोक खांद्यातून येतोय.

शिरणं छान झालं आणि नाक काठाकडच्या पोलला लागलं, तर वळण उशिरा आणि मोठं झालं. इथे लागतो डुफेक स्ट्रोक. चेकोस्लोव्हाकियाच्या मिलो डुफेकने 1953 च्या जागतिक स्पर्धेत तो दाखवला आणि सगळ्या खेळाची वळायची रीतच बदलली. वळणाच्या आतल्या बाजूला, गुडघ्याच्या थोडं पुढे, ब्लेड एडीच्या पाण्यात उभं रोवायचं आणि बोट त्याच्याभोवती फिरू द्यायची. ब्लेड मागे ओढायचं नाही. बोटच ब्लेडकडे येते, आणि ती आली की तेच ब्लेड पाण्यातून न काढता पुढच्या स्ट्रोकमध्ये न्यायचं. आपल्याकडची पोरं इथे हमखास मागे रिव्हर्स स्ट्रोक मारतात. वळण मिळतं, पण मिळवलेला सगळा वेग तिथेच मरतो.

गेट निघालं आणि बाहेर पडताना बोटीचं शेपूट पोलला लागलं, तर घाई झाली. डोकं पोलच्या वर गेलं की पोरं लगेच खाली वळतात. मागे बोटीचं शेपूट अजून गेटमध्ये असतं. स्लॅलमची बोट साडेतीन मीटर लांब असते, ती डोक्याबरोबर संपत नाही. वरच्या दिशेने एक पूर्ण स्ट्रोक आणखी मारा, मग वळा. मोठे खेळाडू इथे मागे झुकून शेपूट पाण्याखाली दाबतात आणि पोलखालून फिरवतात. ते पाहून आपली पोरं लगेच नक्कल करायला जातात. वेगात एडी-लाइन ओलांडणं पक्कं झाल्याशिवाय त्या वाटेला जाऊ देऊ नका. मागे झुकलेलं पोर पाण्यावर हक्क सोडतं, आणि बोट पाण्याच्या मर्जीने जाते.

आता एक कारण असं, जे कुणी तपासतच नाही: सीट. उसन्या किंवा संघाच्या बोटीत बारीक पोर बसवलं की कंबर दोन्ही बाजूंनी सैल राहते. त्याने कमरेतून झोक दिला तरी तो बोटीपर्यंत पोचतच नाही, अंग आत नुसतं सरकतं. मग नाइलाजाने ते खांदे टाकतं, आणि आपण त्याला खांदे टाकू नको म्हणून ओरडत राहतो. काठावर बोट ठेवा, पोराला बसवा आणि कंबर डावी-उजवी हलवायला सांगा. कंबरेबरोबर बोट हलली पाहिजे. नाही हलली तर ईव्हीए फोमची शीट आणा, कंबरेच्या दोन्ही बाजूंना आणि मांड्यांच्या वरच्या आधाराला थर चिकटवा. पाय फुटरेस्टला टेकलेले असले पाहिजेत. फक्त इतकं घट्ट करू नका की बोट पालथी झाल्यावर बाहेर पडायला अडचण होईल. फोम लावल्यावर काठाजवळच्या पाण्यात मुद्दाम पालथं होऊन स्प्रे डेक (कमरेभोवती बांधलेलं, बोटीचं तोंड झाकणारं आवरण) ओढून बाहेर पडायचा सराव त्याच दिवशी करून घ्या. ज्या पोरांना महिनोन्महिने "झोक येत नाही" म्हणून बोलणी बसली, त्यातल्या कितीतरी जणांचा दोष एका दुपारच्या फोममध्ये गेलेला मी पाहिला आहे.

तलावावर एडी नाही म्हणून काहीच करता येत नाही, असं मात्र समजू नका. हिरवी-पांढरी आणि लाल-पांढरी टेप गुंडाळलेले पीव्हीसी पाइप दोरीवर टांगून गेटं आपण सगळेच करतो. त्यात एक गोष्ट वाढवा. थर्मोकोलचे तुकडे ओवलेली नायलॉनची दोरी पाण्यावर तरंगत सोडा, लाल गेटच्या प्रवाहाकडच्या पोलच्या थोडं बाहेर. ही तुमची एडी-लाइन. दूरवरून जोरात या, दोरीला तिरपा छेद द्या, आणि गुडघे दोरीपलीकडे गेल्यावरच वळा. त्याआधी वळणारा स्ट्रोक पडला तर ते गेट बाद, पोल न हलवता निघालं असलं तरी. पहिले काही दिवस पोरं फार चिडतात, कारण तलावावर याने वेळ वाढते. चिडू द्या. सवय मोडायची आहे.

दुसरा सराव वेगात झोक धरायचा. चार-पाच जोरदार स्ट्रोक, वळणाच्या बाहेरच्या बाजूने एक स्वीप (बोट फिरवणारा रुंद, गोलाकार स्ट्रोक), आणि मग पॅडल हवेत उचलून नुसता कमरेचा झोक धरून बोट गोल फिरू द्यायची. झोक सुटला की बोट लगेच सरळ होते, त्यामुळे कुणी सांगायची गरजच पडत नाही. दोन्ही बाजूंना करा. उजवीकडे छान आणि डावीकडे नाही, असं बहुतेकांचं असतं, आणि स्पर्धेत लाल गेट डावीकडेच येतं असं त्यांना वाटत राहतं. सराव पहाटे करा. नागपूरच्या मे महिन्यात नऊनंतर पाण्यावर पोरांना ठेवणं योग्य नाही, आणि दुपारी वारा सुटला की पोल असे झुलतात की दोष बोटीचा की वाऱ्याचा हेच कळत नाही.

सी-1 वाल्यांसाठी, म्हणजे एकट्याने कॅनू चालवणाऱ्यांसाठी, वेगळं सांगायला हवं. गुडघ्यांवर बसून एकाच ब्लेडने चालवायची असल्याने निम्मी लाल गेटं त्यांच्या पॅडलच्या विरुद्ध बाजूला येतात. तिथे हात न बदलता पॅडल बोटीवरून पलीकडे नेऊन रोवायचं, म्हणजे क्रॉस-बो. धड कमरेतून पूर्ण वळलं तरच ते जमतं. नुसते हात पलीकडे नेले की खांद्यावर भलताच ताण येतो आणि खांदा निखळूही शकतो. सी-1 च्या पोरांना जमिनीवर, गुडघ्यांवर बसवून, काठी हातात देऊन धड वळवायला लावा, आणि तेही रोज.

वाहतं पाणी हवंच, हे खरं. इथे मात्र मी हात जोडून सांगतो, जागा निवडताना जिवाशी खेळू नका. पावसाळ्यानंतर, पाणी उतरून निवळ झाल्यावर, कन्हानच्या उथळ पट्ट्यांत छोट्या धारा आणि दगडांमागे लहान एडी मिळतात. पहिली ओळख व्हायला त्या पुरतात. पण आधी काठाने चालत जाऊन पूर्ण पट्टा पाहा. वाळू उपसलेल्या जागी तळाशी अचानक खोल खड्डे असतात. कोल्हापुरी बंधारा किंवा कुठलाही आडवा बांध असेल तर त्याच्या वर किंवा खाली, कुठेही उतरू नका. बांधावरून पडणारं पाणी खाली गोल फिरतं आणि माणसाला, बोटीला, लाइफ जॅकेटसकट पुन्हा पुन्हा बांधाकडे ओढतं. वरून ते अगदी निरुपद्रवी दिसतं. पेंचच्या कालव्याचं वाहतं पाणी पाहून मोह होतो, पण काँक्रीटच्या उतरत्या भिंती धरून बाहेर पडता येत नाही, आणि तिथे एडीही नसते. शिकायला काही नाही आणि धोका पूर्ण. पुराच्या पाण्याचं तर नावच काढू नका. 23 सप्टेंबर 2023 ला अंबाझरी ओसंडून शहरात जे पाणी शिरलं ते ज्यांनी पाहिलं आहे त्यांना वेगळं सांगायला नको. त्या पाण्यात तारा, झाडं, गटाराची घाण, सगळं असतं. हेल्मेट, लाइफ जॅकेट आणि काठावर दोरीची पिशवी (पाण्यातल्या माणसाकडे फेकायची दोरी) घेतलेला माणूस, एवढं नसेल तर त्या दिवशी उतरायचं नाही.

खरा सराव महेश्वरलाच होतो. नर्मदा तिथे काळ्या खडकांमधून असंख्य धारांनी फुटते, म्हणून तर सहस्रधारा. 2023 मध्ये खेलो इंडिया युवा स्पर्धांतलं स्लॅलम तिथेच झालं. स्पर्धेच्या दोन-तीन दिवस आधी पोचा, आदल्या रात्री पोचून सकाळी शर्यत, असं करू नका. आणि पोचल्यावर आधी पाण्याच्या पातळीकडे बघा. वर ओंकारेश्वरच्या धरणातून सोडलेल्या पाण्यानुसार ती बदलते, आणि पातळी हातभर बदलली तरी एडीची जागा बदलते. सकाळी जिथे लांबट एडी होती तिथे दुपारी नुसती खळबळ असू शकते. सकाळी पाहिलेली रेघ दुपारच्या शर्यतीत डोळ्यांसमोर ठेवली की पुन्हा तेच, बोट खाली.

शर्यतीच्या कोर्सवर बहुधा सरावाला उतरू देत नाहीत, काठावरूनच तो वाचावा लागतो. यासाठी मी पोरांना वाळलेली पानं घेऊन जायला लावतो. पळसाचं पान सगळ्यांत बरं, मोठं असतं, लांबून दिसतं. लाल गेटच्या वरच्या बाजूने, मुख्य धारेच्या कडेला ते टाका आणि डोळा हलवू नका. पान सुसाट खाली जातं, एडीच्या शेवटाला आलं की अडखळतं, एकदा स्वतःभोवती फिरतं, आणि मग सावकाश, जणू मन बदलल्यासारखं, खडकाच्या अंगाने वर चढायला लागतं. ते जिथे अडखळलं ती एडीची खालची हद्द. तिच्या खाली शिरलात तर वर नेणारं पाणी मिळणार नाही. जिथून ते सर्वांत जोरात वर चढलं तिथे तुमचं नाक गेलं पाहिजे. प्रत्येक लाल गेटला निदान दोन पानं, शर्यतीच्या जितकं जवळ तितकं चांगलं. मग पोराला डोळे मिटून कोर्स सांगायला लावा: कोणतं गेट, आधीच्या गेटमधून कुठे तोंड, रेघ कुठे कापायची, कोणत्या बाजूला झोक. रेघ कुठे कापायची हे सांगताना जो अडखळतो, त्याला पुन्हा काठावर पाठवा.

हे सगळं करूनही एखादं लाल गेट हातातून जाईल. तेव्हाचा निर्णय आधीच ठरलेला असावा. गेटच्या खाली घसरलात म्हणजे 50 सेकंद लागले असं नाही. पुढचं गेट काढायला सुरुवात होईपर्यंत मागचं गेट उघडं असतं. वर चढून ते काढलं तर दंड नाही, फक्त गेलेला वेळ. धडपडत वर यायला 12-15 सेकंद लागले तरी ते 50 पेक्षा कितीतरी कमी आहेत. आपली पोरं लाजेने किंवा गोंधळून तशीच पुढे निघून जातात, हे मला सगळ्यांत जास्त लागतं. म्हणून सरावातच मुद्दाम गेटच्या दोन बोटलांबी खाली सोडा आणि तिथून एडी पकडून वर चढायला लावा, दमलेल्या हातांनी, सत्राच्या शेवटी. एडी हाताशी असेल तर वर जा. खाली घसरून थेट पुढच्या धारेत पोचला असाल, परत यायला एडीच उरली नसेल, तर ते गेट सोडा आणि पुढचं लाल गेट जिथून काढायचं त्या रेघेकडे बोट वळवा.